धुक्यातले ठोके

थोरलीनं परात दोरीला टांगली, लाकडी दस्ता हातात एकदा तोलून पाहिला आणि ठोका मारायच्या आधी तिपाईवरच्या फोनकडे असं बघितलं, जणू ते कुणाचं तरी आगाऊ पोर आहे आणि मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसायला येऊन बसलंय.

"सुरू आहे का हे?"

"सुरू आहे, मोठी आजी. तुम्ही वाजवा."

"मध्ये खोकला आला तर पुसू नकोस. आमच्याकडे खोकलाही पिढीजात आहे."

मग तिनं वाजवलं. दोन ठोके जलद, एक लांबवून, पुन्हा दोन जलद. जाळी ठेवायच्या त्या जुन्या गोदामात आवाज भिंतींवर आपटून परत आला. वाशांवर बसलेली पाखरं फडफडत बाहेर पडली आणि दाराशी उभ्या असलेल्या कुजबुज्यानं कानांवर हात ठेवले. कुजबुज्याला हे नाव त्याच्या आवाजावरून पडलं होतं. तो कुणाच्या कानात काही सांगायला लागला की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायची.

"हे सुताराचं घर," थोरली म्हणाली. "परात सुतारणीच्या माहेरची. ती असती तर म्हणाली असती, असं दणादणा नव्हते वाजवत मी. पण घराला कुलूप आहे आणि ती मातीत आहे, तेव्हा आता मी वाजवीन तेच खरं."

फोनच्या मागे बसलेली मुलगी हसली. ती थोरलीच्या धाकट्या जावेची, म्हणजे धाकटीची नात; मुलीची मुलगी. शहरात कुठल्याशा संग्रहालयात नोकरीला होती आणि सुट्टी काढून आजोळी आली होती ती या गोदामात वस्तीचं छोटं संग्रहालय मांडायला. हल्ली सुट्टीच्या दिवशी गाड्या घेऊन माणसं यायची, पाण्याकडे तोंड करून आणि वस्तीकडे पाठ करून फोटो काढायची, आणि जाता जाता विचारायची, इथं आधी काय होतं? थोरलीला त्या 'आधी'चा फार राग येई. अजून आम्ही जिवंत आहोत, हे त्यांना दिसत नाही का? पण नातीनं सांगितलं होतं की भिंतीवर वस्तीचा इतिहास लावायचा, एकेका घराचं चित्र, आणि चित्राखाली बटण.

"म्हणजे बटण दाबलं की माझं घर वाजणार?"

"हो."

"आणि एखाद्यानं दाबून दाबून डोकं उठवलं तर?"

"तर बंद करायचंही बटण ठेवू."

"ते बरं करशील. आमच्या वेळी नव्हतं."

जमिनीवर बारदानावर एकेका घराचा आवाज पडला होता. तांब्याचा पोचे पडलेला हंडा, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव, कुणाची पितळी घंटी, कुणाचा नुसता पत्रा. ज्या घरांना कुलपं होती त्यांच्या वस्तू कुजबुज्यानं कुठून कुठून हुडकून आणल्या होत्या. थोरलीची कढई थोरलीनं स्वतः आणली होती. आणि धाकटीनं आपली फळी एका फडक्यात गुंडाळून आणली होती. ती मात्र तिनं बारदानावर ठेवली नव्हती. कोपऱ्यातल्या खोक्यावर ती मांडीवर फळी घेऊन बसली होती, आजारी मूल घेऊन बसावं तशी.

"वस्ती कशी सुरू झाली ते सांगा ना," नात म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."

"सुरू कुणी केली नाही. आधी इथं मासळी वाळवायच्या नुसत्या काठ्या होत्या. माणसं डोंगरातून हंगामापुरती उतरायची, मासे धरायची, वाळवायची, पाठीवर मारून परत जायची. एका वर्षी परत निघायच्या दिवशी माझ्या सासऱ्यांची आजी एका धोंड्यावर बसली, ती उठेना. म्हणाली, माझे पाय सुजलेत, मला काही डोंगर चढवत नाही, तुम्ही व्हा पुढं. नवऱ्यानं समजावलं, दिरांनी दटावलं. बाई ढिम्म. शेवटी नवरा म्हणाला, बरं, सूज उतरेपर्यंत थांबू."

"मग?"

"मग काय. सूज अजून उतरायचीय."

कुजबुज्या एवढ्यांदा हसला की थोरलीनं दस्त्यानं त्याच्याकडे बोट केल्यासारखं केलं आणि तो गप्प झाला.

"हसायचं काय त्यात? बाई राहिली म्हणून नवरा राहिला, तो राहिला म्हणून दीर राहिले, दिरांचं बघून सुतार उतरला, कारण नावा मोडणार आणि दुरुस्त करायला कुणीतरी लागणार. विस्तव एका घरात होता, म्हणून दुसरं घर त्याला लागून आलं. असं होत होत काठ भरला. पण जागा पाहून कोण बसलं होतं? पाय दुखले तिथं बसलं. म्हणून तर दातांसमोर येऊन बसलो."

दात म्हणजे काय, हे नातीला ठाऊक होतं. तरी तिनं फोनसाठी विचारलं आणि थोरलीनं फोनसाठी सांगितलं. काठापासून थोडं आत पाण्याखाली खडकांची एक रांग होती. उन्हात ती दिसायची. धुक्यात ती दिसायची नाही, फक्त लागायची. थंडीच्या तोंडावर तळ्यावर धुकं उतरायचं ते असं, की नावेतल्या माणसाला स्वतःचं वल्हं दिसू नये. अशा वेळी काठावरच्या बायका आपापल्या घरासमोर उभ्या राहून वाजवायच्या. ज्याच्या त्याच्या घराचा आवाज वेगळा, ठोका वेगळा. माणूस आपला आवाज ओळखायचा आणि त्याच्यावरून नाव आणायचा. आवाज कानाच्या कुठल्या अंगाला धरायचा तेही घराघराचं निराळं होतं, कारण प्रत्येकाच्या उताराकडे, म्हणजे नाव काठाला लावायच्या जागेकडे, यायची वाट निराळी होती. थोरलीच्या उतारासमोर दातांमध्ये फट होती. तिथं आवाज नाकासमोर धरायचा आणि डोळे मिटून सरळ यायचं. धाकटीच्या उतारासमोर फट नव्हती. तिथं फळीचा आवाज उजव्या कानावर ठेवून लांबून वळसा घ्यायचा. सरळ कधी यायचं नाही.

"सून घरात आली की आधी आवाज शिकवायचे," थोरली म्हणाली. "मग स्वयंपाक. स्वयंपाक बिघडला तर माणूस उपाशी झोपेल एवढंच."

"आणि हे बंद कधी झालं?"

"खांबावर भोंगा आला तेव्हा. मग नावांना इंजिनं आली. मग मासे गेले. मग रस्ता आला, आणि रस्ता आल्यावर लोकांना कळलं की इथून जाताही येतं."

हे ती हसत म्हणाली, पण म्हणून झाल्यावर तिनं उगीचच बारदानावरची धाव सरळ केली, हंड्याचं तोंड फिरवून ठेवलं.

नातीनं आजीकडे पाहिलं. "आजी, आता तुझी फळी."

धाकटी उठली. तिनं फडकं सोडलं, फळी दोरीत अडकवली आणि वाजवली. ठोके जागच्या जागी पडले. शांत, सारख्या अंतरावर, एकसुरी. वाजवून ती पुन्हा खोक्यावर जाऊन बसली. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिला न बघता कळत होतं. गेले काही दिवस धाकटी जेवत नव्हती, नात आल्यापासून. ताटातलं चिवडायची आणि उठायची. थोरली म्हणाली होती, नात आल्यावर माणसं खातात, तू उपास कसले करतेस? त्यावर धाकटीनं नुसतं ताट सरकवलं होतं. पण थोरलीला कारण माहीत होतं. वस्तीचा इतिहास निघाला की कधी ना कधी त्या सकाळपर्यंत येणार होता.

त्या सकाळी थोरली तापानं फणफणली होती. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूल नव्हतं. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, पहाटे आपापल्या नावा घेऊन गेले आणि उजाडता उजाडता धुकं उतरलं. थोरली उठू लागली तर धाकटीनं तिला धरून परत निजवलं. म्हणाली, ताई, तुम्ही पडा, मी वाजवते दोन्ही घरांचं. तिची मुलगी तेव्हा पाळण्यात होती, महिना-दीड महिन्याची, रडकी. मुलीला एकटं टाकून शेजारच्या उतारावर कशी जाणार? म्हणून धाकटीनं थोरलीची कढई उचलली आणि आपल्या दारात आणून टांगली. एका हाती फळी, एका हाती कढई. तिला वाटलं, दोन घरं तर लागून आहेत. भिंत एक, अंगण एक. काय फरक पडणार?

धाकटा भाऊ फळी उजव्या कानावर धरून वळसा घालून नीट आला. थोरल्यानं आपली कढई ऐकली, नाकासमोर धरली आणि सरळ आला.

वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. कढई कुठं टांगलेली होती ते नाव ओढायला आलेल्या प्रत्येकानं पाहिलं होतं. पण थोरली त्यावर बोलली नाही, म्हणून कुणाची बोलायची छाती झाली नाही. तिची जीभ साऱ्या काठाला ठाऊक होती. मिठावरून ती धाकटीला बोलायची, उतू गेलेल्या दुधावरून बोलायची, चुलीवरून, चालण्यावरून, पोरांच्या वाढत्या केसांवरून बोलायची. घरं दोन होती, पण हुकूम एकाच घरातून सुटायचा. धाकटीची मुलं थोरलीच्या कडेवर वाढली. ती पाळण्यातली मुलगी तर सगळ्यांत जास्त. तिचं लग्नही थोरलीनंच ठरवलं आणि जावयाची उलटतपासणीही तिनंच घेतली. सगळ्यावर बोलणाऱ्या या बाईनं त्या एका गोष्टीवर मात्र आयुष्यभर चकार शब्द काढला नाही. याचा तिला अभिमान होता. दुसऱ्या बायका दागिने जपतात, तिनं तो न बोललेला शब्द जपला होता. वर्षातून एखाद्या वेळी, फार राग आला की, तो जिभेच्या टोकाशी यायचा आणि ती गिळून टाकायची. मग दिवसभर तिला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटत राहायचं.

"आता तुमची कढई," नात म्हणाली.

थोरलीनं कढई वाजवली. एक, एक, आणि मग एक लांब. तिनं ती नको तितका वेळ वाजवली. थांबली तेव्हा तिला धाप लागली होती.

नातीनं फोन थोडा जवळ सरकवला. आवाज मऊ केला.

"मोठी आजी, एक विचारू? नको वाटलं तर राहू दे. मोठे आजोबा धुक्यातच गेले ना? आई एवढंच सांगते, धुक्यात गेले. पण तुमचा उतार तर सगळ्यांत सोपा, तुम्हीच आत्ता म्हणालात. मग असं कसं झालं?"

कोपऱ्यात धाकटीनं रिकामं फडकं मांडीवर ओढून घेतलं. दाराशी कुजबुज्यानं पाय बदलला.

थोरलीनं शालीच्या टोकानं कढईचं बूड पुसायला घेतलं. काजळी जुनी होती, निघणारी नव्हती; तरी ती पुसत राहिली. समोर बसलेल्या मुलीचं कपाळ तिच्या आईसारखं होतं, रुंद, मध्यभागी जरासं खोल. ते कपाळ थोरलीनं किती वेळा मांडीवर घेऊन थोपटलं होतं.

"वारा होता," ती म्हणाली.

"वारा?"

"वाऱ्यानं आवाज फिरवला. कढई वाजत होती इथं, ऐकू गेली तिकडून. त्यांनी काय करायचं? वाऱ्याला कोण जाब विचारणार?"

"पण काकी," कुजबुज्या दारातून म्हणाला, "धुक्यात वारा कुठला? वारा सुटला की धुकं राहतंय का..."

"तू तेव्हा नाकातला शेंबूड ओढत फिरत होतास. तुला वाऱ्याचं काय कळत होतं?"

कुजबुज्या तेव्हा शेंबूड ओढत फिरत नव्हता. चांगला मिसरूड फुटलेला होता आणि कंबरभर पाण्यात उतरून त्यानं ती नाव दातांवरून सोडवली होती. त्यानं थोरलीकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. आणि अख्ख्या जन्मात पहिल्यांदाच आपल्या नावाला शोभेल अशा आवाजात म्हणाला,

"असेल. सुटला असेल तेव्हा वारा."

"हे घे तुझ्या भिंतीवर," थोरली नातीला म्हणाली. "वारा होता, असं लिही."

नातीनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं थोरलीच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोरलीनं तो दोनदा थोपटला आणि उचलून बाजूला ठेवला. तेवढ्यात धाकटी उठून बाहेर गेली. फळी दोरीला तशीच लोंबत राहिली आणि फडकं खोक्यावर.

संध्याकाळी थोरली आपल्या दाराच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती. पाणी शिशासारखं पडलं होतं. भोंग्याचा खांब गंजून वाकला होता आणि त्याच्या टोकावर एक करकोचा उभा होता, खांब आपल्यासाठीच रोवलाय अशा थाटात. नात कुजबुज्याबरोबर बंद घरांचे फोटो काढायला गेली होती. थोरली धाकटीची वाट बघत होती. धाकटी येणार, आभार मानणार, रडणार, आणि मग आपण काय म्हणायचं हे तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. पुरे झालं, पूस नाक, असं काहीतरी. फार मऊ नाही.

धाकटी आली. अंगण ओलांडून आली आणि समोर उभी राहिली.

"बस. आणि आधीच सांगते, रडायचं असेल तर आपल्या घरी जाऊन रड. इथं शेंगा भिजतील."

धाकटी बसली नाही.

"वारा नव्हता, ताई."

"माहीत आहे मला."

"मग का सांगितलंत?"

"मग काय सांगू?" थोरलीनं शेंग मोडली. "त्या पोरीला काय सांगू? तुझी आई पाळण्यात किंचाळत होती म्हणून तुझी आजी... हे सांगू? उद्या तिनं जाऊन आईला सांगितलं तर? आणि ते भिंतीवर चढवू? येणारा जाणारा बटण दाबून ऐकेल."

"सांगायचं होतंत."

"शुद्धीवर आहेस का तू? मी तुला इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलले का? मिठावरून बोलले असेन. दुधावरून बोलले असेन. यावरून कधी बोलले?"

"नाही बोललात. तेच म्हणतेय मी."

धाकटीचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. पण ती थांबतही नव्हती, आणि हे थोरलीला नवीन होतं.

"दूध उतू गेलं की तुम्ही बोलता. मी ऐकते. भांडं घासलं की ते संपतं. हे कधी संपलंच नाही, ताई. रोज उठले की वाटायचं, आज बोलतील. तुमच्या हातात ताट दिलं की वाटायचं, आता बोलतील. मुलीच्या लग्नात वाटलं, आज सगळ्यांसमोर बोलतील, आणि खरं सांगू, बरं वाटलं. हे गेले तेव्हा वाटलं, आता आपण दोघी सारख्या झालो, आता तरी म्हणतील. तुम्ही भाकरीचा तुकडा पुढं केलात आणि म्हणालात, खाऊन घे." ती थांबली, तिनं श्वास घेतला. "आणि आज तुम्ही ते त्या फोनात घालून टाकलंत. तसं काही झालंच नाही म्हणून. आता कुणी बोलायचं? मी कुणाचं ऐकायचं?"

थोरलीनं हातातली शेंग सोलली. आत दाणे नव्हते. तिनं ती सालांच्या ढिगात टाकली, दुसरी घेतली आणि सोलायची विसरली. जुळवून ठेवलेलं वाक्य आता कशालाच लागू पडत नव्हतं. इतकी वर्षं ज्याला ती आपलं मोठं मन समजत होती ते धाकटीच्या तोंडून काही निराळंच ऐकू येत होतं. बाहेरून कडी घातलेल्या दारासारखं. तिला राग यायला हवा होता. तिनं राग शोधला. तो जागेवर नव्हता.

करकोचा खांबावरून उडाला, पाण्यावरून खाली जाऊन दिसेनासा झाला.

"तू माझी कढई तुझ्या दारात वाजवलीस," थोरली म्हणाली.

शब्द जुने होते, इतके जुने की ते तोंडातून निघताना परक्या कुणाचे वाटले. तिनं शेंगांकडे बघतच पुढचं सांगितलं.

"तू माझ्या माणसाला दातांवर बोलावलंस."

"हो," धाकटी म्हणाली.

मग ती बसली. पायरीवर थोरलीच्या शेजारी, टेकू काढून घेतल्यासारखी. थोरलीला वाटलं होतं, हे कधी बोललं गेलं तर आभाळ कोसळेल. शेजारच्या घरात नळ गळत होता, तो गळतच राहिला.

"भाऊजी बोलले होते," धाकटी म्हणाली.

"कोण?"

"भाऊजी. त्या सकाळी."

थोरलीनं मान वळवली.

"जवळ आले होते. दिसत नव्हते, पण वल्ह्यांचा आवाज येत होता. तिकडून ओरडले, कोण वाजवतंय? हा हात आमच्या हिचा नाही."

थोरलीच्या हातातली शेंग मांडीवर पडली.

"मी म्हटलं, मी आहे, धाकटी. तर म्हणाले, ती कुठं आहे? बरी आहे ना? मी म्हटलं, ताप भरलाय, निजवलंय त्यांना. मला वाटलं, आले. इतके जवळ आले होते. खडक माझ्या डोक्यातच आले नाहीत, ताई. बाळ रडत होतं आणि मला वाटलं, आता आले."

"मग?"

"म्हणाले, निजू दे. उठवू नकोस तिला. मी येतोच आहे." धाकटीनं हाताच्या मागच्या बाजूनं तोंड पुसलं. "मग लाकडाचा आवाज झाला."

उतारावरून कुजबुज्याचं बोलणं ऐकू येऊ लागलं होतं. नातीला तो बंद घरांबद्दल काही सांगत होता आणि ते निम्म्या काठाला समजत होतं. थोरलीला त्यातलं काही कळत नव्हतं.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"कसं सांगणार? हे सांगायचं तर आधी बाकीचं बोलावं लागलं असतं."

थोरलीनं तोंड उघडलं. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी असायचं. सासूला, दिराला, जावयाला, वस्तीला, मरणालाही तिनं एखादं वाक्य सुनावलं होतं. आता मात्र तिनं शाल खांद्यावरून काढली, उलटी घेतली, पुन्हा तशीच घातली.

"आवाज कसा होता?" तिनं विचारलं. "चिडलेले होते?"

"नाही. हसत होते थोडे. हात तुमचा नाही हे बरोबर ओळखलं म्हणून आता मला चिडवतायत की काय, तसं."

"असंच करायचे," थोरली म्हणाली, आणि तिला ऐकू आलं की आपण हे कुजबुज्यापेक्षाही हळू म्हणालो.

नात अंगणाच्या टोकाशी दिसली. दोघींना पायरीवर एकत्र बघून ती थबकली आणि मग काय वाटलं कोण जाणे, कुजबुज्याला हातानं थांबवून पुन्हा पाण्याकडे वळली.

"पुन्हा सांग," थोरली म्हणाली.

"सगळं?"

"नाही. हा हात आमच्या हिचा नाही, तिथून."

आणि धाकटीनं तिथून सांगायला सुरुवात केली.